मोरचूद : पानाचें औषध आणि जमिनीचें ऋण

पावसाची झड लागली, हवा कोंदली, आणि द्राक्षाच्या किंवा संत्र्याच्या पानावर पहिला डाग दिसला म्हणजे आपल्यापैकीं बहुतेकांचा हात ज्या पदार्थाकडे आधीं जातो, तो मोरचूद होय. बागाइतदाराच्या कोठींत त्याची पिशवी नाहीं असें घर विरळा. परंतु जो पदार्थ रोज हाताळावयाचा, त्याच्याविषयीं विचार करण्याची आपणांस सहसा गरज वाटत नाहीं. प्रस्तुत लेखांत मोरचुदाचे गुण सांगावयाचे आहेत; पण तेवढ्यासाठींच हा लेख लिहिलेला नाहीं. मोरचूद नीट कालवून योग्य वेळीं मारला तर त्याच्याइतकें स्वस्त आणि भरंवशाचें औषध थोडें, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक आहे. तो पानावरून धुऊन गेला तरी शेतांतून जात नाहीं, ही दुसरी गोष्ट मात्र ध्यानांत ठेवून वागणारे फार थोडे आहेत. म्हणून माझें मत आरंभींच सांगून टाकतों : मोरचुदाचा प्रत्येक फवारा हें जमिनीच्या नांवावर काढलेलें कर्ज समजावें, आणि कर्जाची जशी नोंद ठेवितों तशी त्याची नोंद ठेवावी.

प्रथम हा पदार्थ काय आहे तें पाहूं. मोरचूद म्हणजे तांबें आणि गंधकाम्ल यांच्या संयोगानें झालेला क्षार. त्याच्या निळ्या खड्यांत पाणीही बांधलेलें असतें. वजनाच्या शंभर भागांत सुमारें ३६ भाग पाणी व साडेपंचवीस भाग तांबें असतें. खडा तापवला म्हणजे पाणी निघून जाऊन तो पांढरा पडतो, आणि वर पाण्याचा थेंब टाकला कीं पुन्हां निळा होतो. म्हणून जुन्या पिशवींतील खड्यांवर पांढुरकी भुकटी दिसली तर ती भेसळ म्हणून दुकानदाराशीं भांडण्याचें कारण नाहीं. तेथील पाणी उडालें, इतकाच त्याचा अर्थ. खड्यास हिरवट झांक असेल तर मात्र हिराकसाची शंका घ्यावी. चिमूटभर माल पाण्यांत विरघळवून त्यांत अमोनियाचें पाणी बेताबेतानें घालीत जावें. माल शुद्ध असेल तर शेवटीं गर्द निळें, स्वच्छ पाणी होतें; हिराकस असेल तर गढूळ सांका राहतो व हवेनें तो तांबूस होत जातो. ही परीक्षा अर्ध्या घटकेची आहे. सहकारी संघानें एकदम माल आणला असेल तर ती संघाच्या दारांतच व्हावी.

मोरचुदाचा आणखी एक धर्म शेतकऱ्यानें पक्का ध्यानांत ठेवावा. त्याच्या पाण्यांत लोखंडाची पात बुडवली तर तिच्यावर तांब्याचा लाल थर बसतो, कारण लोखंड स्वतः विरघळतें आणि तांबें सुटून वर बसतें. यावरून दोन गोष्टी निघतात. हें पाणी लोखंडाच्या, जस्ताच्या किंवा ॲल्युमिनियमच्या भांड्यांत करूं नये. मातीचें, लाकडाचें, तांब्याचें किंवा प्लास्टिकचें भांडें घ्यावें. आणि मिश्रणांत मोकळें तांबें शिल्लक आहे किंवा नाहीं हें पाहण्यास घरांतला घांसलेला विळा पुरेसा आहे. या दुसऱ्या गोष्टीकडे पुढें पुन्हां यावयाचें आहे.

तांब्यानें बुरशी मरते ही गोष्ट प्रथम कळली ती गव्हाच्या काणीवरून. १८०७ सालीं फ्रान्समध्यें बेनेदिक्त प्रेव्हो यानें दाखवून दिलें कीं, तांब्याचा अत्यल्प अंश असलेल्या पाण्यांत काणीचीं बीजें रुजत नाहींत. पुढें १८७८ च्या सुमारास अमेरिकेंतून आलेल्या केवडा रोगानें फ्रान्सचे द्राक्षमळे उघडे पडूं लागले. १८८२ सालीं बोर्डो विद्यापीठांतील मिलार्दे हा वनस्पतिशास्त्रज्ञ मेदोक भागांतून जात असतां त्यास एक चमत्कार दिसला. सगळ्या मळ्यांचीं पानें गळालीं होतीं. रस्त्याकडेच्या कांहीं वेलींचीं मात्र शाबूत होतीं. वाटसरूंनीं द्राक्षें तोडूं नयेत म्हणून मळेवाल्यांनीं त्या वेलींवर मोरचूद आणि चुना कालवून शिंपडला होता! चोरांसाठीं केलेला उपाय रोगावर लागू पडला. मिलार्देनें प्रयोग करून १८८५ सालीं ही कृति प्रसिद्ध केली, आणि त्या गांवाच्या नांवावरून आपण आजही तिला बोर्डो मिश्रण म्हणतों.

आपल्या देशासही हा उपाय नवा नाहीं. विसाव्या शतकाच्या आरंभीं मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्यानें ज्वारीच्या दाणे-काणीवर मोरचुदाच्या पाण्यांत बीं भिजविण्याची रीति शेतकऱ्यांस शिकविली. या काणीचीं बीजें दाण्याच्या वरच्या अंगास चिकटून असतात, म्हणून तेथेंच त्यांस मारतां येतें. पुढें गंधकाची भुकटी चोळण्याची त्याहून सोपी रीति आली आणि भिजविण्याची मागें पडली. कारण मोरचुदाच्या पाण्यांत बीं फार वेळ राहिलें तर उगवण बिघडते, गंधकानें तसें होत नाहीं. त्याच सुमारास म्हैसूर संस्थानांत सुपारीच्या कोळेरोगानें बागाइतदार हैराण झाले होते. तेथील शेतकी खात्याचे शास्त्रज्ञ लेस्ली कोलमन यांनीं त्याचा अभ्यास करून १९१० सालीं आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले, आणि पावसाच्या तोंडीं सुपारीच्या घडांवर बोर्डो मिश्रण मारण्याचा प्रघात तेथें पडला. कोंकणांत व गोव्यांत आजही पोफळीच्या बागा याच उपायानें वांचतात. नागपुराकडील संत्र्याच्या डिंक्यावर खोडास लावण्याचा बोर्डो मलमही हाच. त्यांत पाणी दहावा हिस्सा, एवढाच फरक.

इतक्या जुन्या औषधाची कृति तरी आपणांस बिनचूक येत असेल असें वाटेल. माझा स्वतःचा अनुभव निराळा आहे. दहा-बारा वर्षांपूर्वीं ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लांबला, म्हणून मीं घाईघाईनें दोन एकर द्राक्षावर बोर्डो मारलें. तिसऱ्या दिवशीं कोंवळ्या पानांच्या कडा करपल्या. मीं तडक दुकानांत जाऊन माल भेसळीचा म्हणून त्या गृहस्थास नाहीं नाहीं तें बोललों. सायंकाळीं शेजारच्या मळ्यांतील एक वृद्ध बागाइतदार आले. त्यांनीं पिंपाच्या तळाशीं उरलेलें मिश्रण पाहिलें, विळा मागविला, तो घांसून मिनिटभर त्यांत धरला आणि माझ्यापुढें केला. पात तांबडी झाली होती. "निळ्याला नांवें ठेवण्याआधीं पांढऱ्याकडे पाहावें," एवढेंच ते म्हणाले. घर रंगविण्यासाठीं आणलेल्या चुन्याची पिशवी पावसाळाभर पडवींत उघडी पडली होती, तीच मीं वापरली होती. उघड्या चुन्यास हवेंतील कर्बवायु लागून त्याचा खडू होतो; खडूच्या अंगीं मोरचुदाची आग शमविण्याचें बळ राहत नाहीं. दुसऱ्या दिवशीं मीं दुकानदाराची क्षमा मागितली; पण गेलेलीं पानें परत आलीं नाहींत.

म्हणून कृति येथें पुन्हां देतों. जाणत्यांनीं ती उजळणी समजावी. १ टक्क्याच्या मिश्रणास मोरचूद १ किलो, चांगला चुना १ किलो आणि पाणी १०० लिटर. मोरचूद फडक्यांत बांधून, अर्ध्या पाण्याच्या वरच्या थरांत बुडेल अशी पोटली टांगावी. विरघळलेलें जड पाणी तळाशीं जातें व वर नवें पाणी येतें, त्यामुळें ढवळण्याचे कष्ट वांचतात. चुना ताज्या कळीचा घेऊन थोड्या पाण्यांत विरवावा व उरलेल्या पाण्यांत मिळवून फडक्यांतून गाळावा. मग मोरचुदाचें पाणी चुन्याच्या पाण्यांत हळूहळू ओतावें आणि सारखें ढवळीत राहावें. चुना मोरचुदांत ओतूं नये. ओतल्यास सांका जाड पडतो, पानास नीट चिकटत नाहीं आणि नळीच्या तोंडांत अडकतो. दोन्ही पाणी थंड असावें. शेवटीं विळ्याची परीक्षा घ्यावी, आणि पात तांबडी झाली तर होईनाशी होईपर्यंत चुन्याचें पाणी घालावें. रसायनाच्या हिशेबानें शुद्ध ताजी कळी मोरचुदाच्या पाव हिश्श्याहून कमी असली तरी पुरते. बरोबरीचा चुना घेण्याची वहिवाट पडली ती चुन्याचा भरंवसा नसतो म्हणून. मिश्रण त्याच दिवशीं संपवावें. त्यांत दुसरें कीटकनाशक मिळवूं नये, कारण चुन्याच्या संगतीनें पुष्कळ औषधें निकामी होतात.

हेंही समजून घ्यावें कीं, हें औषध रोग बरा करीत नाहीं, रोगास दारांत अडवितें. पानावर बसलेल्या थरांतून दंवाच्या किंवा पावसाच्या पाण्याबरोबर तांब्याचा लेशमात्र अंश सुटतो आणि रुजूं पाहणारें बुरशीचें बीज मारतो. बुरशी एकदां पानाच्या आंत शिरली कीं बाहेरचें तांबें तिला पोंचत नाहीं. तेव्हां डाग दिसल्यावर तिसऱ्या दिवसाआड फवारा मारणारा शेतकरी बुरशीस मारीत नाहीं. तो आपल्या जमिनींत तांबें ओततो.

येथें मी मुख्य मुद्द्यावर येतों. युरिया घातला तर त्यांतील नत्र पिकांत जातें, हवेंत जातें, पाण्यांत जातें. पुष्कळशीं सेंद्रिय औषधें ऊन, पाणी व जंतु यांच्यामुळें कालांतरानें मोडतात. तांबें हें मूलद्रव्य आहे. तें मोडत नाहीं, कुजत नाहीं, उडत नाहीं. पानावरून तें मातींत उतरतें आणि चिकण व सेंद्रिय अंश यांस धरून वरच्या थरांतच बसतें. आतां हिशेब करूं. वाढलेल्या द्राक्षबागेस एकरीं ४०० लिटर मिश्रण धरलें तर त्यांत ४ किलो मोरचूद, म्हणजे १ किलोहून किंचित् अधिक तांबें झालें. एका एकराच्या वरच्या अर्ध्या फूट मातीचें वजन साधारण ९ लाख किलो भरतें. म्हणजे दर फवाऱ्यागणिक किलोभर मातींत सुमारें १ मिलिग्रॅम तांबें वाढतें. एक मिलिग्रॅम हें कांहींच नाहीं असें वाटेल. पण वर्षाला पांच फवारे आणि बागेचीं तीस वर्षें धरलीं तर तो आंकडा दीडशेंवर जातो. छाटणीच्या काड्यांबरोबर थोडें तांबें बाहेर जाईल, पण तें थोडेंच. ज्या देशानें हें औषध जगास दिलें त्याच्या कांहीं जुन्या द्राक्षमळ्यांच्या मातींत आज किलोमागें शेंकडो मिलिग्रॅम तांबें सांपडतें, आणि आम्लधर्मी जमिनींत तेथें नवी लागवड धरण्यास त्रास होतो.

युरोपांतील राष्ट्रसंघानें २०१८ सालीं यास मर्यादा घातली ती अशी : सात वर्षांत हेक्टरीं २८ किलोंहून अधिक तांबें पिकांवर मारूं नये. आपल्या मापानें हें सरासरी वर्षाला एकरीं १६०० ग्रॅम झालें, म्हणजे वरच्या हिशेबाप्रमाणें पूर्ण ताकदीचे दीड फवारे! आपण ऑक्टोबर छाटणीनंतर एका महिन्यांत तेवढें संपवितों, हें वाचकांनीं स्वतःच ताडून पाहावें.

आपली देशावरची काळी जमीन चुनखडीची व अल्कधर्मी आहे. तींत तांबें बांधलेलें राहतें आणि मुळांस एकदम बाधत नाहीं. हें आपलें सुदैव. पण तीच जमीन काळ्या पाषाणापासून झालेली असल्यामुळें तींत मूळचेंच तांबें बरेंच असतें, हेंही विसरूं नये. कोंकणांतील जांभ्याच्या आम्लधर्मी जमिनीस तर हें सुदैवही नाहीं. तेथें तांबें मोकळें राहून लवकर बाधतें. आधीं गांडुळें कमी होतात, मग उपयुक्त जंतु मंदावतात, मग कोंवळीं मुळें खुंटतात. पीक बोलूं लागतें तें सर्वांत शेवटीं. पिकास तांबें लागतें हें खरें. पण भाजीस मीठ लागतें तितकेंच.

आणखी एक सूचना मेंढ्यांविषयीं. छाटणीनंतर बागेंत गवत माजतें, आणि धनगराचा कळप चारून बसविला तर गवतही जातें व खतही मिळतें, म्हणून आपण कळप बोलावितों. मेंढीच्या काळजांत तांबें सांठत जातें आणि इतर जनावरांच्या मानानें तिला तें फार लवकर बाधतें. फवारलेल्या बागेंतील गवत मेंढ्यांस चारणें म्हणजे त्या गरिबाच्या धनावर घाला घालणें होय. तसेंच पिंपें धुतलेलें पाणी ओढ्यांत, विहिरींत किंवा पाटांत सोडूं नये. माशांस तें विष आहे. निळा खडा मुलांस मोहवितो, म्हणून पिशवी कुलुपांत ठेवावी. चुकून कोणाच्या पोटांत गेलाच तर घरगुती उपायांत वेळ न दवडितां रोग्यास तडक दवाखान्यांत न्यावें.

यावर दोन आक्षेप येतील. कोणी म्हणतील, "आम्ही बोर्डो सोडून केव्हांच तयार औषधांकडे वळलों." त्यांनीं पुड्यावरील अक्षरें वाचावींत. कॉपर ऑक्सिक्लोराइडच्या नेहमींच्या भुकटींत निम्में तांबेंच असतें. लिटरला अडीच ग्रॅम या मानानें ४०० लिटर मारलें तर अर्धा किलो तांबें शेतांत गेलें. मूळकुजीसाठीं तीच भुकटी आळवणीनें मुळांशीं ओततात, त्यांचें तांबें तर पानावरही न थांबतां मातींत उतरतें. पुड्याचें नांव बदललें म्हणून खातें बदलत नाहीं.

दुसरा आक्षेप याच्या उलट आहे. "तांबें इतकें वाईट, तर तें सोडूनच कां देऊं नये?" माझें म्हणणें असें मुळींच नाहीं. नवीं औषधें बुरशीच्या एखाद्याच मर्मावर घाव घालतात, त्यामुळें कांहीं वर्षांत बुरशी तीं पचवूं लागते. तांबें एकाच वेळीं अनेक ठिकाणीं घाव घालतें. म्हणून मिलार्देनंतर इतक्या वर्षांनींही केवडा त्यास दबून आहे. कांहीं जिवाणूंत मात्र तांबें सोसण्याची शक्ति आलेली आढळली आहे. डाळिंबाचा तेलकट डाग जिवाणूंपासूनच होतो, म्हणून तेथें डोळे मिटून तांब्यावर भिस्त ठेवणें शहाणपणाचें नव्हे. ज्या शस्त्राची धार इतकी टिकली आहे, तें रोज भाकरी कापण्यास काढूं नये, एवढेंच माझें सांगणें.

तेव्हां करावें काय? पहिली गोष्ट, प्रत्येक बागाइतदारानें आपल्या वहींत तांब्यासाठीं एक रकाना आंखावा. फवाऱ्याची तारीख, औषधाचें नांव, माल किती व त्यांत तांबें किती, एवढें लिहावें. मोरचुदाच्या वजनाचा पाव हिस्सा तांबें धरलें म्हणजे हिशेब तोंडींही होतो. दुसरी, फवारा हवा पाहून मारावा, पंचांग पाहून नव्हे. जेथें अर्ध्या टक्क्यानें भागतें तेथें एक टक्का करूं नये. आणि रोगट पानें वेंचून जाळणें, वेल मोकळी ठेवून वारा खेळूं देणें हीं बिनखर्चाचीं कामें आधीं करावींत. तिसरी, मातीची परीक्षा करून घेतांना नत्र, स्फुरद व पालाश यांवर न थांबतां तांब्याचाही आंकडा मागावा, आणि दर तीन-चार वर्षांनीं तो मागच्याशीं ताडून पाहावा. चौथी, आपल्या मंडळानें छाटणीपूर्वीं मोरचूद व कळीचा चुना एकत्र खरेदी करून, पारखून मग सभासदांस वांटावा. यांतील एकही गोष्ट खर्चाची नाहीं. लागते ती थोडी शिस्त.

आपल्या वडीलधाऱ्यांनीं आपणांस जमीन दिली तेव्हां सात-बारावरचा बोजाही दाखवून दिला. तो सावकाराचा किंवा सोसायटीचा होता आणि फिटण्याजोगा होता. तांब्याचा बोजा कोणत्याच उताऱ्यावर चढत नाहीं, आणि तो फेडण्याची सोपी रीति अद्याप कोणास सांपडलेली नाहीं. म्हणून तो वाढूं न देणें एवढेंच आपल्या हातीं आहे. बंधूंनो, या हंगामांत पहिली पोटली पिंपांत टांगण्यापूर्वीं वही उघडा, आणि तींत पहिली ओळ लिहा.